मोटर गेलेलं भिंग

३ मार्च

माझ्या शहाण्या लेकास,

आशीर्वाद आहेतच, ते रागामुळे कमी होत नाहीत. पण राग पण आहे. दोन्ही वेगवेगळे मोजून घे.

फोन मी उचलत नाही हे एव्हाना कळलं असेल. वाजला की त्याच्यावर उशी ठेवते. फोनवर मी एक वाक्य सुरू करते, तू तीन बोलून मोकळा होतोस आणि माझं अर्धं तोंडातच राहतं. कागदावर तुला मला मध्ये अडवता येणार नाही. अक्षर वाकडं आहे, असू दे. चौथीनंतर शाळा सुटली, मग सहीपलीकडे हात कधी वळला नाही. सूनबाईला वाचून दाखवायला लावू नकोस. स्वतः वाच.

रविवारी तू तुझ्या त्या डॉक्टर मित्राला घेऊन आलास. सहज आलोय म्हणालास. सहज आलेला माणूस चहा मागतो, खिडकीतल्या कुंड्या बघतो. यानं मला विचारलं, आज तारीख काय. मग म्हणाला, शंभरातून सात सात कमी करत जा. मी गेले की दोनपर्यंत, पुढे जागाच संपली म्हणून थांबले. त्याचं तोंड जरा पडलं. मग तुम्ही दोघं जिन्यात गेलात आणि तू हळूच म्हणालास, "तिला कालव्यात जनावरं दिसतात." कान पण शाबूत आहेत रे माझे.

जाताना तू टेबलावर तो निळा फॉर्म ठेवलास. म्हाताऱ्या माणसांच्या निवासाचा. बाग आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास माणूस आहे. सगळं आहे. माझ्या दोन खोल्या तेवढ्या नाहीत तिथे.

जनावरं नाही. जनावर. एक. पाणमांजर. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहिले की पलीकडच्या काठावर पडकी पंपाची खोली दिसते, तिच्या खालच्या दगडावर ते येतं. उजाडताना. तीनदा बघितलंय. पहिल्यांदा वाटलं कुणाची तरी ओली पिशवी पडली आहे. मग पिशवीनं मासा खाल्ला. दोन्ही हातांत धरून, डोकं मागे टाकून, तू लहानपणी मक्याचं कणीस खायचास तसं अगदी. मी एकटीच इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली बघायला आल्या.

तू म्हणालास घूस असेल. नर्सबाई म्हणाल्या कुत्रं असेल. कालव्याच्या कचेरीत गेले तर तिथला कारकून म्हणाला, आजी, या पाण्यात फक्त बाटल्या पोहतात. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि डोकं माझं फिरलंय.

एकोणतीस वर्षं मी गिरणीत तपासणी खात्यात उभी होते. समोरून कापडाचं ठाण सरकतं, खालून दिवा, आणि आपण बघत राहायचं. एक धागा सुटला, एक गाठ आली, रंग नखाएवढा हुकला, की चाक धरायचं, कापड थांबवायचं. मला पगार डोळ्यांचा मिळायचा. आणि मला घूस आणि पाणमांजर यातला फरक कळत नाही?

तेव्हा पैज लाव. एकतीस मार्चला तू गाडी घेऊन येणार असं म्हणून गेला आहेस. त्याच्या आत मी तुला त्या जनावराचा फोटो दाखवीन, असा की घूस म्हणायची तुझी हिंमत होणार नाही. दाखवला तर मी इथेच राहणार आणि हा विषय पुन्हा नाही. नाही दाखवला तर मी स्वतः पिशवी भरून गाडीत बसेन, डोळ्यातून पाणी काढणार नाही.

कॅमेरा आहे. तुझाच. घेतलास आणि सहा महिन्यांत हौस फिटली, तो कपाटावर पडला होता. चार्ज करून खिडकीतून काढून बघितला फोटो. कालवा आला, खोली आली, आकाश तर नको तेवढं आलं. जनावर आलं तिळाएवढं. त्याला लांबचं भिंग लागतं म्हणे. ते मी घेणार आहे. पैसे माझे आहेत. कुठले ते विचारू नकोस.

तुझी
आई

९ मार्च

लेका,

घेतलं भिंग. आता कसं घेतलं ते ऐक, आणि तू असतास तर कसा फसला असतास तेही ऐक.

बसथांब्यामागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा आणि तीन भिंतींना कपाटं. मालक माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, एका डोळ्याला घड्याळजींसारखं भिंग लावून बसलेला. मी त्याला भिंगवालाच म्हणते. तो म्हणतो, आजी, याला लेन्स म्हणतात. मी म्हटलं, तू म्हण.

मी त्याला सरळ सांगितलं. जनावर एवढं आहे, हात पसरून दाखवलं. इतक्या पावलांवर बसतं. उजाडताना येतं, ऊन पडलं की जातं. आणि पैसे एवढेच आहेत, पाकीट टेबलावर ठेवलं. उगाच लपवाछपवी करून दोघांचा वेळ कशाला घालवायचा.

त्यानं आधी काढलं ते भलं मोठं, सहाशेपर्यंत जाणारं. हातात दिलं तर माझा खांदा एका बाजूला गेला. त्यातून समोरच्या इमारतीवरच्या पारव्याचे पाय मोजता येत होते, खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं पारवाच बघत बसले. किंमत पाकिटाच्या दुप्पट. हप्त्यानं घ्या म्हणाला. मी विचारलं, हप्ते संपायच्या आधी मी संपले तर भिंग कुणाचं? त्यानं ते गुपचूप कपाटात ठेवलं.

दुसरं काढलं बुटकं, डब्यासारखं, पाचशेचं. आत आरसे असतात म्हणे, म्हणून आखूड आणि हलकं. किंमत तर अगदीच कमी. मला मोह झाला. पण दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत धरून बघितलं तर सगळं काळं. विचारलं, पहाटे दिसेल का यातून? त्यानं ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, खरं सांगू का आजी, याला भर दुपार लागते. म्हटलं, माझं जनावर दुपारी झोपतं.

इथे मला एक गोष्ट कळली ती तुला सांगते. तू कॅमेरा घेतलास तेव्हा तुला कुणी सांगितली नसणार, नाहीतर हौस एवढ्यात फिटली नसती. सगळे लांबीमागे धावतात, तीनशे, पाचशे, सहाशे. पण भिंगाचं तोंड किती उघडतं ते आधी बघायचं. तोंड मोठं, उजेड जास्त. आणि त्याचा आकडा उलटा असतो. आकडा लहान तेवढं तोंड मोठं. हे कुठलं गणित म्हणून मी भांडले, पण ते तसंच आहे. लांबी कमी पडली तर माणूस चार पावलं पुढे सरकू शकतो. उजेड कमी पडला तर सूर्याला कोण हाका मारणार.

तिसरं होतं सत्तर ते तीनशेचं, फिरवून लांब करायचं. पाकिटात बसत होतं. भिंगवाला म्हणाला, हेच घ्या, नवशिक्यांना बरं. मी ते दिव्यासमोर धरलं, तिरकं केलं, ठाण तपासते तसं हळूहळू फिरवलं. आत काचेच्या कडेला पांढरं जाळं. बुरशी. मी बोट ठेवलं. त्यानं डोळ्याचं भिंग लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी, गिऱ्हाईक म्हणून आलात का धाड घालायला?"

मग मी म्हटलं, बाबा, खालच्या फळीवर फडक्यात काय गुंडाळलंय? माझं लक्ष मघापासून तिकडेच होतं. त्याला ते दाखवायचंच नव्हतं. सरळ तीनशेचं भिंग, लांब होत नाही, आखूड होत नाही, पण तोंड चांगलं उघडं. वीस वर्षांचं जुनं. आतली मोटर जळालेली. हल्लीच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की भिंग आपणहून घरघर करत नेमकं स्पष्ट करतं, तशी यात सोय उरली नाही. सगळं हातानं फिरवायचं. म्हणून तीन वर्षं कुणी विचारलं नाही. तो म्हणाला, हलणारं जनावर हातानं धरणं पोरांना जमत नाही, तुम्हाला काय जमणार.

मी भिंगाची कडी हातात घेतली. आणि तुला काय सांगू. तेच चाक रे. तपासणीच्या टेबलाचं. डावा हात चाकावर, डोळे कापडावर, कापड पळतंय आणि आपण इंचाइंचानं आवरतोय. समोरच्या रस्त्यावरून एक सायकलवाला येत होता, मी त्याच्यावर लावलं आणि तो दुकानापर्यंत येईस्तोवर त्याच्या शर्टाचं बटण सोडलं नाही. वरून दुसरं, तुटकं होतं. भिंगवाल्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं आणि किंमत अजून थोडी उतरवली. मी मागितली नव्हती. पण नको म्हणाले नाही.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे पण चार फोटो काढले, चारही कोपरे वाचता येतात का बघितलं. येतात. तेव्हाच पाकीट दिलं.

हल्ली मऊ भात आणि सूपच खाते. पचायला बरं पडतं. काळजी करू नकोस.

आई

१२ मार्च

तू नर्सबाईंना फोन करून चौकशी केलीस. त्यांनी सांगितलं. त्यांची चूक नाही, त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून तर माझं त्यांच्याशी पटतं.

हो. कवळीचे पैसे. तू पाठवलेले.

आता तू म्हणशील मी ते दातांसाठी दिले होते. दिलेस ना? दिल्यावर माझे झाले. तुझ्या वाढदिवसाला मी शर्टासाठी दिलेले तू बुटांवर उडवलेस तेव्हा मी नर्सबाईंना फोन केला नव्हता. दातांना काय घाई आहे, ते पडून झालेत, आता आणखी कुठे जाणार. पाणमांजर जाऊ शकतं.

आणि डोकं फिरल्याचं हे आणखी एक लक्षण म्हणून तुझ्या मित्राला कळवायचं असेल तर हेही कळव की मी चार भिंगांचे भाव विचारले, काच दिव्यासमोर बघितली आणि पावती घेतली. तू हा कॅमेरा घेतलास तेव्हा पावती घेतली होतीस का?

नातीनं चित्र पाठवलं ते पोचलं. मिशा फार छान काढल्यात. तिला सांग, अंग अजून लांब असतं आणि शेपटी बुंध्याशी जाड. तिच्याशी भांडण नाही.

आई

२० मार्च

लेका,

एक कबुली आहे. हसलास तरी चालेल. भिंगवाला हसला, मी पण हसले, तूच कशाला राहायचास.

भिंगाची कडी जरा जड फिरत होती. आता जड फिरणाऱ्या वस्तूला माणूस काय करतो? मी काय केलं असेल ते तुला माहीतच आहे. दाराची बिजागरी असो, तुझी पहिली सायकल असो, माझ्या हाताला शिलाई मशीनचं तेल लागलेलंच असायचं. घातला एक थेंब. कडी अशी फिरायला लागली की लोण्यातून सुरी. मी खूश. दोन दिवसांनी भर उजेडात कुंडीतल्या फुलाचा फोटो काढला तर सगळं पांढरंफटक. फूल नाही, कुंडी नाही, जसं काही दुधात बुडवलंय.

घेतलं आणि गेले दुकानात. भिंगवाल्यानं पुढून बघितलं, मागून बघितलं, वास घेतला.

"आजी, तेल घातलंत?"

"एकच थेंब."

"लेन्सला?"

"मशीनचं होतं, चांगलं."

तो खुर्चीत मागे रेलला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. चाळीस वर्षांत लोकांनी लेन्स पाडलेली बघितली, पाण्यात बुडवलेली बघितली, आंघोळ घातलेली पण बघितली म्हणे, तेल पाजलेली ही पहिली. आत बारीक पत्र्याच्या पाकळ्या असतात, त्या मिटून भिंगाचं तोंड लहान करतात. त्या तेलानं एकमेकींना चिकटल्या. आता तोंड उघडंच राहणार, मिटणार नाही. खोलून साफ करायची तर भिंगाच्या किमतीएवढी मजुरी आणि पंधरा दिवस.

पंधरा दिवस माझ्याकडे नाहीत. मी म्हटलं, थांब जरा. पहाटेच्या अंधारात मी तोंड मिटणार होते का? तो म्हणाला, नाही, तेव्हा पूर्ण उघडंच ठेवावं लागतं. काचेला तेल लागलंय का? त्यानं दिव्यासमोर धरलं, मी पण धरलं. काच साफ. मग मी म्हटलं, दे इकडे. भर दुपारी फोटो काढायला मला कुणाची लग्नं करायची आहेत.

तो म्हणाला, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या. मी म्हटलं, एकतीस तारखेनंतर विचार.

पंपाच्या खोलीचं सांगायचं राहिलं. कचेरीतल्या कारकुनाकडे परत गेले, बाटल्यांवाल्या. खोलीची किल्ली द्या म्हटलं. कशाला? बाटल्यांचे फोटो काढायचेत. त्यानं सही घेऊन दिली. आत ओल आहे, पण कालव्याच्या बाजूला हातभर खिडकी आहे, आणि एक स्टूल बसतं. तिथून तो दगड पंचवीस पावलं. तीनशेच्या भिंगात दगड अख्खा भरतो. दगडावर माशाचे खवले पडलेले असतात आणि विष्ठेत काटे. घुशीच्या विष्ठेत माशाचे काटे असतात का ते तुझ्या मित्राला विचार.

तुझ्या जुन्या पँटचा पाय कापून त्याची उशी शिवली, आत सुके वाटाणे भरले. खिडकीत ती उशी, उशीवर भिंग. हलत नाही. स्टँडचे पैसे वाचले.

पहिल्या चार दिवसांत जनावर दोनदा आलं आणि मी दोन्हीदा हुकले. एकदा पुढचं गवत स्पष्ट आणि मागे तपकिरी धूर. दुसऱ्यांदा ते पाण्यात शिरलं आणि माझ्याकडे नुसतं वर्तुळ उरलं. अंधारात छोट्या खिडकीतून काय स्पष्ट आणि काय नाही हे माझ्या डोळ्यांना लगेच कळेना. हे मी मान्य करते. डोळे चांगले आहेत, पण सत्तरीचे आहेत.

मग गिरणीतली रीत केली. कापडात दोष सापडला की काठाला त्या जागी रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला अख्खं ठाण उलगडावं लागत नाही, काठावरून बोट फिरवलं की दोरा लागतो. मी भर उजेडात बसून, दगडाच्या पुढच्या टोकावर स्पष्ट लावून कडीला लाल दोऱ्याची गाठ बांधली. मागच्या टोकाला निळी. पंपाचा जुना जाड नळ पाण्यात उतरतो, त्याच्या तोंडाशी पिवळी, तिथून ते वर येतं. गाठी चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. आता मी अंधारात बोटानं वाचते. पिवळी, निळी, लाल. डोळ्यांनी नुसतं जनावर बघायचं.

हे कुणी शिकवलेलं नाही. भिंगवाल्यालाही माहीत नव्हतं.

आई

२६ मार्च

सहा दिवस झाले, आलेलं नाही.

कालव्याचं पाणी सोडलं आहे, वरून कुठूनतरी. दगड अर्धा बुडाला. मी रोज जाते, पाच वाजता उठून, थर्मासमध्ये चहा घेऊन. बसते. बदकं येतात. एक बगळा येतो, त्याला माझी सवय झाली आहे. सात वाजता उठते, परत येते.

नर्सबाई काल रात्रपाळीहून येताना पुलावर भेटल्या. त्यांनी माझी पिशवी घेतली. विचारलं पण नाही, आणि त्याचा मला राग आला. जिन्यात म्हणाल्या, "आजी, नसेल आलं तर काय होतं? तिथे निवासात पण बाग आहे म्हणतात." मी म्हटलं, बागेत मी काय तपासू? त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या बायकांशी मी रोज बोलते, आणि मग मध्येच थांबल्या. तुमच्यासारख्या म्हणजे कशा ते मी विचारलं नाही.

तुला एक सांगते, आणि हे तुझ्या मित्राला कळवू नकोस. आज सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या एक क्षण मलाच वाटलं, की खरंच बघितलं होतं ना मी? का ओली पिशवीच होती. मासा, हात, मान मागे टाकणं, हे सगळं मीच भरलं का मागाहून.  कधी आयुष्यात मला माझ्या डोळ्यांबद्दल असं वाटलं नव्हतं. सुपरवायझर ओरडायचा तेव्हा पण नाही.

मग मी खाली उतरून दगडापाशी गेले, पाण्याच्या कडेनं. चिखलात पाऊल उमटलं होतं. पाच बोटं, मध्ये पडदा. कालचंच. त्याचा फोटो काढला नाही, कारण मोठं भिंग एवढ्या जवळचं काढत नाही आणि छोटं घरी होतं. तू विश्वास ठेवणार नाहीस. नको ठेवूस. मी ठेवला.

परत वर येताना जरा खाली बसले. पडले नाही. बसले.

पाच दिवस आहेत.

आई

२९ मार्च

लेका,

आलं.

आज. सहा वाजून काहीतरी मिनिटं, घड्याळ बघायला सवड कुणाला होती. पाणी रात्रीत उतरलेलं, दगड मोकळा. धुकं होतं थोडं. मी झाकण उघडून चहा ओतत होते तर नळाच्या तोंडाशी पाणी फुगलं. चहा सांडला, सांडू दे. बोट पिवळ्या गाठीवर. डोकं वर आलं, ओलं, चपटं, मिशांना थेंब. खट. मग ते पोहत दगडाकडे निघालं आणि माझा डावा हात आपणहून फिरला, पिवळीवरून निळीवर, मी त्याला काही सांगितलंच नाही. जनावर सरकतंय आणि मी इंचाइंचानं बरोबर. खट, खट. दगडावर चढलं, अंग झाडलं. लाल गाठ. आणि मग त्याच्या मागून आणखी एक चढलं. लहान. त्याला दगडावर चढता येईना, दोनदा घसरलं, मोठ्यानं मानेला धरून वर ओढलं.

मी हसत होते रे. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबून हसत होते, आणि उशी हलत होती, आणि तरी मी काढत होते. अकरा फोटो. आठ हललेले आहेत, हसण्यामुळे. तीन चांगले.

भिंगवाल्यानं दुपारी मोठ्या कागदावर काढून दिले. पैसे घेतले नाहीत. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, मोठाली भिंगं गळ्यात अडकवलेली, त्यांनी विचारलं कुठल्या लेन्सनं काढला. भिंगवाल्यानं त्यांना ते भिंग दाखवलं, दोरे बांधलेलं, मोटर जळालेलं, तेल प्यालेलं. दोघांनी आपापल्या भिंगांना झाकणं लावली. मला त्या पाच मिनिटांत जन्माचं समाधान झालं म्हटलंस तरी चालेल.

कारकुनाच्या टेबलावर पण एक ठेवून आले. त्यानं बराच वेळ बघितला आणि किल्ली परत मागितली नाही.

म्हणजे पैज मी जिंकले. दोन दिवस बाकी असताना.

आता नीट वाच, मी हे दोनदा कच्चं लिहून मग इथे उतरवलंय.

घरी येऊन फोटो टेबलावर ठेवला आणि समोर बसले. आणि मला वाटलं, पाणी आज उतरलं नसतं तर? धुकं जास्त असतं तर? ते पलीकडच्या काठानं गेलं असतं तर? मग परवा मी पिशवी घेऊन तुझ्या गाडीत बसले असते. माझे डोळे तेच, डोकं तेच, दोन खोल्या त्याच, आणि एका जनावरानं कुठे मासा खायचा यावर माझं म्हातारपण ठरलं असतं. आणि ही पैज लावली कुणी? मीच. रागाच्या भरात. तू मला वेडी ठरवलंस तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मला इथे राहायचंय. ते सोडून मी पुरावा द्यायला धावले. माझीच चूक. पहिल्याच पत्रात दोष होता आणि मी तो पुढे सरकू दिला.

तर पैज मी मोडते. जिंकलेली पैज मोडते, त्यामुळे तुला तक्रारीला जागा नाही. मी इथे राहणार आहे. फोटो आला म्हणून नाही. नसता आला तरी राहिले असते, आणि तू गाडी घेऊन आला असतास तर दार उघडलं नसतं. मला राहायचंय म्हणून मी राहणार आहे. एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.

आता पैज नाही तर लपवायचंही कारण नाही. त्या दिवशी मी खाली बसले नव्हते, पडले होते. चिखलात, चांगली आडवी. गुडघा सोलला, नर्सबाईंनी पट्टी केली, रोज बदलतात आणि रोज बोलतात. दोन चिरलेली बोटं पण आहेत. पुन्हाही पडेन कदाचित. तुझं भय खोटं आहे असं मी म्हणत नाही. तू रात्री तिकडे जागा असतोस आणि मी फोनवर उशी ठेवते, हे चांगलं नाही केलं मी. उशी काढली आहे. रोज आठ वाजता तू कर, मी उचलीन, आणि माझं वाक्य पुरं होऊ दे. पंपाच्या खोलीखालच्या पायऱ्यांना कठडा लावून घ्यायला तुझी मदत लागेल, ती मी मागते आहे. मदत मागणं आणि घर सोडणं या दोन गोष्टी आहेत. तू त्या एकाच फॉर्मवर लिहून आणल्यास.

सोबत फोटो आहे. तो पुरावा म्हणून पाठवलेला नाही. आईनं लेकाला फोटो पाठवला, इतकंच. लहान्याची आई त्याला मानेला धरून वर ओढतेय, तो. सगळ्यात स्पष्ट तोच आला. दुसरी प्रत नातीची, तिच्या हातात दे.

एकतीसला यायचं असेल तर ये. गाडी परत जाताना तू एकटाच असशील, तेवढं धरून ये. आणि सातच्या आत येऊ नकोस, मी घरी नसते.

आई